गाळलेल्या जागा भरा

आराखडा दोन हजार एकावन्नपर्यंतचा.
तक्त्यात ओळी सव्वीस, रकाने नऊ:
लोकसंख्या, सांडपाणी, ओला गाळ, सुका गाळ,
ट्रकच्या फेऱ्या, टनामागे खर्च,
एक रकाना सल्लागारांनी टाकलेला,
त्याचा अर्थ त्यांनाच विचारावा लागतो,
मग 'अंतिम ठिकाण',
मग 'शेरा'.
शेवटचे दोन कोरे.

शाळेत हा दोन गुणांचा प्रश्न असायचा,
माझा कधी चुकला नाही.
इथे गाळाचीच जागा गाळलेली.

माझी निवृत्ती एकोणिसाव्या ओळीत येते.
त्या वर्षी आमच्या एका केंद्राचा सुका गाळ
दिवसाला बेचाळीस टन.
कोण उचलेल, कुठे टाकेल,
ते माझ्या नंतरच्या सात ओळींनी बघावं
असं मनात येतं, आणि लाज वाटते.

लग्न ठरताना बाबांनी सांगितलं होतं,
मुलगी पालिकेत, पाणीखात्यात.
खोटं नव्हतं.
पाणी सगळ्यांकडून होऊन
शेवटी माझ्याकडेच येतं.

बैठकीत कपाडियांनी पडद्यावर चार वाटा दाखवल्या:
पुरणे, जाळणे, विटा, खत.
चहा आला.
पुरायला जमीन? साहेबांनी नकाशा मागवला.
इकडे खाडी, चिखलात उभी तिवरं,
तिकडे चाळीस मजले.
कुठेही बोट ठेवा,
कुणाच्या तरी खिडकीवरच पडतं.

मग खत. शहापूरच्या पलीकडे घेतील की लोक.
प्रयोगशाळेच्या फरीदा मुकादम तोवर गप्प होत्या.
म्हणाल्या, जस्त मी समजून घेईन, कॅडमियम नाही.
कुठल्या तरी गाळ्यात रात्री मुलामा चढवतात,
सकाळी तो माझ्या गाळात उतरतो.
आधी तो गाळा शोधा,
मग शेतकऱ्याच्या दारात जा.
कुणीच वर बघितलं नाही.
बिस्किटं संपली होती.

साहेब म्हणाले, तूर्त 'विचाराधीन' लिहा.
एका चौकटीत लिहिलं,
कोपरा धरून खाली ओढलं.
पाव सेकंदात
दोन हजार एकावन्न.

संध्याकाळी वाळवणीच्या वाफ्यांवर गेले.
चौथ्या वाफ्यात भेगाळलेल्या काळ्या पापुद्र्यातून
गुडघ्याएवढी टोमॅटोची रोपं.
आठ-दहा नव्हेत, वाफाभर.
दामोदर वैतींनी काठ्या रोवून सुतळीने बांधलेली,
बाळाची टाळू सावरावी इतक्या हलक्या गाठींनी.

लावली कुणी?
कोण लावणार मॅडम.
मुंबईनं खाल्ली, मुंबईनंच पेरली.

खरंच होतं ते.
कुणाच्या पावभाजीतलं, कुणाच्या डब्यातल्या कोशिंबिरीतलं,
इस्पितळातल्या कुणा आजाऱ्याला
चमच्याने पाजलेल्या सारातलं बी
आतड्यांतून, नळांतून, पंपाच्या पात्यांतून,
पाचक टाकीत वीस दिवस उकाडा सोसून
इथे येऊन उघडलं.
आपण ज्याला शेवट म्हणतो
तिथवर ते सगळं पचवून आलं होतं.

खाऊ नका हं वैती.
खात नाही, फरीदाबाईंनी दम दिलाय.
बघतो नुसतं. पाळी संपली की पाच मिनटं.
एक फळ लालीवर आलेलं,
त्यांनी ते बोटाने पानाआड सारलं,
कावळ्यांपासून असेल, किंवा माझ्यापासून.

सोमवारी वाफा खरवडायचा होता,
ठेकेदाराचा ट्रक ठरलेला.

परत वर आले. तक्ता उघडाच होता.
'अंतिम ठिकाण' तसंच राहू दिलं,
तेवढी माझी ऐपत नाही.
पहिल्या ओळीच्या शेऱ्यात टाइप केलं:
वाफा क्र. ४ रिकामा करण्यास
पंधरा दिवसांची मुदतवाढ. कारण,

आणि ते तसंच ठेवून
फाइल पाठवून दिली.